मेलमधल्या लिंकवर क्लिक केलं की काहीच होत नाही, आणि नीट केलं तरी महिनाभरात परत तेच

जळगाव, अमळनेर, धुळे या पट्ट्यात ऑफिसांचे कॉम्प्युटर बघायचं काम करतो, त्यात प्रिंटरच्या खालोखाल येणारी तक्रार म्हणजे ही. मेल उघडतो, आत बँकेची नाहीतर इन्कम टॅक्सची नाहीतर पासवर्ड बदलायची निळी लिंक असते, तिच्यावर क्लिक केलं की एक तर काहीच होत नाही, किंवा गोल चकती दोन सेकंद फिरते आणि गप्प बसते, किंवा पॉलिसी, रिस्ट्रिक्शन, ॲडमिनिस्ट्रेटर असले शब्द असलेला घाबरवणारा चौकोन समोर येतो. आणि गंमत म्हणजे तोच ब्राउझर डेस्कटॉपवरून उघडला तर एकदम मस्त चालतो. मग लोक जुगाड करतात, लिंकवर राइट क्लिक, कॉपी, ब्राउझर उघडा, वर पेस्ट करा, आणि हे असं वर्षानुवर्षं चालू राहतं, ऑफिसात नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

आधी एक समजून घ्या, मेलचा प्रोग्राम सहसा स्वतः ब्राउझर उघडत नाही (अपवाद पुढे येतातच). आउटलुक असो की थंडरबर्ड, तो फक्त विंडोजला सांगतो की हा पत्ता उघड, मग विंडोज आपल्या नोंदीत बघतं की एचटीटीपीएसने सुरू होणारा पत्ता उघडायचं काम कोणाकडे दिलंय, आणि त्या ब्राउझरला हाक मारून पत्ता त्याच्या हातात देतं. म्हणजे गडबड तीन ठिकाणी होऊ शकते, मेल प्रोग्रामात, विंडोजच्या नोंदीत, नाहीतर ब्राउझरमधे. आणि आपल्याकडे पहिलं काम काय करतात, तर ब्राउझर काढून परत टाकतात, त्याने नाही झालं तर थेट फॉरमॅट. अहो फॉरमॅट कशाला, टॅली परत टाका, प्रिंटर परत जोडा, डिजिटल सहीचा ड्रायव्हर परत शोधा, आणि एवढं करून कारण काय होतं ते कळलेलंच नसतं, म्हणून ते परत येतं.

तर कोण बिघडलंय ते आधी ठरवा, त्याला मिनिटभर लागतं. कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून ठेवून आर दाबा, खाली डाव्या कोपऱ्यात रनची छोटी खिडकी येते, तिच्यात कुठल्याही वेबसाइटचा पूर्ण पत्ता लिहा, अगदी सुरुवातीच्या एचटीटीपीएस आणि दोन तिरक्या रेघांसकट, आणि एंटर मारा. ब्राउझर उघडून साइट आली तर विंडोज आणि ब्राउझर दोघं बहुतेक सुटले, आता मेलच्या प्रोग्रामकडे बघायचं, फक्त आउटलुकात तो पॉलिसीवाला चौकोन येत असेल तर खाली सांगितलेली डॉट एचटीएमएलची नोंदही बघा. नाही उघडलं, किंवा विंडोजला सापडत नाही असा मेसेज आला, किंवा क्लास नॉट रजिस्टर्ड असं काही आलं, तर आउटलुकला हातही लावू नका, दुखणं त्याच्या खाली आहे. आणि ब्राउझर उघडला पण पानच आलं नाही, तर तो प्रश्न वेगळा, ती लिंक मेलेली असेल, पासवर्डच्या लिंका थोड्या वेळाने संपतात, नाहीतर नेट गेलेलं असेल, त्याचा या पोस्टशी संबंध नाही.

हे करायच्या आधी अजून दोन फालतू वाटणाऱ्या गोष्टी बघून घ्या. आउटलुकमधे मेल जंक फोल्डरमधे पडला असेल तर आउटलुक मुद्दामच त्यातल्या लिंका बंद करून ठेवतं, वर एक पट्टीही येते की लिंका बंद केल्यात, चालू करायच्या तर मेल इनबॉक्समधे हलवा, पण ती पट्टी वाचतो कोण. मेल ओळखीच्या ठिकाणाहून आलाय याची खात्री असेल तरच हलवा, उगाच कुठलाही नाही. दुसरं म्हणजे साध्या टेक्स्टचा मेल असेल तर लांबलचक लिंक कधीकधी मधेच तुटून दोन ओळीत जाते, निळा असतो फक्त पहिला तुकडा, त्यावर क्लिक केलं तर पान अर्धवट पत्त्यावर जातं आणि एरर येते, अशा वेळी दोन्ही तुकडे जोडून पेस्ट करण्याशिवाय इलाज नाही. आणि हो, तुम्ही स्वतः मेल लिहीत असताना त्यातली लिंक तपासायची असेल तर कंट्रोल दाबून क्लिक करावं लागतं, तो बिघाड नाही.

आता समजा रनच्या खिडकीतूनही उघडलं नाही. मग सेटिंग्जमधे जा, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, म्हणजे न विचारता आपोआप उघडणारे प्रोग्राम. विंडोज १० मधे तिथे वेब ब्राउझर असं सरळ लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून पाहिजे तो निवडा. विंडोज ११ मधे यादीतून आधी ब्राउझरच्या नावावर जायचं आणि वर सेट डिफॉल्टचं बटण दाबायचं. हे बटण ११ आलं तेव्हा नव्हतं बरं का, २०२१ मधे आलेल्या पहिल्या ११ मधे एचटीटीपी, एचटीटीपीएस (पत्त्यांची सुरुवात) आणि डॉट एचटीएम, डॉट एचटीएमएल (वेब पानांच्या फाइली) असं एकेक करून बदलावं लागायचं, २०२२ च्या अपडेटमधे बटण दिलं. पण आजही बटण दाबून झालं की त्याच पानावर खाली उतरून या चार नोंदींवर एक नजर टाकाच, कारण कधीकधी एचटीटीपीएस नव्या ब्राउझरकडे गेलेलं असतं आणि डॉट एचटीएमएल जुन्याकडेच राहिलेलं असतं, आणि आउटलुक नेमकं तिथेच अडकतं.

एक युक्ती, आधीच बरोबर ब्राउझर निवडलेला दिसत असला तरी एकदा दुसरा निवडा आणि मग परत पाहिजे तो निवडा. दिसायला येडपट वाटतं पण त्याने नोंद नव्याने लिहिली जाते, नुसतं बघून सेटिंग्ज बंद केलं तर काहीच बदलत नाही.

आता ते घाबरवणारं डबडं. जुन्या आउटलुकात त्यावर लिहिलेलं असतं की या कॉम्प्युटरवर असलेल्या रिस्ट्रिक्शनमुळे हे काम रद्द केलंय, सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरला विचारा. २०१३ पासूनच्या आउटलुकात तेच जरा वेगळ्या शब्दात येतं, तुमच्या ऑर्गनायझेशनच्या पॉलिसीमुळे हे करता येत नाही, हेल्प डेस्कला विचारा. अमळनेरला एका कापूस व्यापाऱ्याच्या पेढीवर हे आलं तेव्हा तिथले नाना भयंकर चिडलेले, कारण ऑर्गनायझेशन म्हणजे ते स्वतःच. काय व्हयनं भाऊ, मी कोनती पॉलिसी लावी, म्हणे. खरं तर पॉलिसी-बिलिसी कोणीच लावलेली नसते. मुलाने कधीतरी एक ब्राउझर टाकला होता, तो डिफॉल्ट झाला, नंतर जागा कमी पडते म्हणून काढून टाकला, पण विंडोजच्या नोंदीत डॉट एचटीएमएलच्या पुढे त्याचंच नाव राहिलं. भाडेकरू गेला पण दारावर पाटी त्याचीच, तसं. आउटलुक त्या दारावर जातं, आत कोणी नाही, आणि हे काय आहे ते न सांगता पॉलिसीचं नाव पुढे करतं.

याच्यावर सगळ्यात बिनधोक उपाय म्हणजे काढलेला ब्राउझर परत टाका, त्याला उघडून डिफॉल्ट करा, मग सेटिंग्जमधून दुसऱ्या ब्राउझरला डिफॉल्ट करा, वर सांगितलेल्या चारही नोंदी बघा, आणि त्यानंतर पहिला काढा. उलट्या क्रमाने काढला की पाटी राहते. नानांकडे एवढ्यावरच काम झालं, चहा यायच्या आत.

पण काही ठिकाणी एवढ्यावर भागत नाही, मग रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या त्या नोंदवहीतच, जावं लागतं. ज्यांना रजिस्ट्री म्हणजे काय माहीत नाही त्यांनी इथून पुढचा भाग जाणकाराला दाखवा, स्वतः करू नका. रनच्या खिडकीत रेजएडिट लिहून उघडायचं, एचकी करंट युजर, त्यात सॉफ्टवेअर, त्यात क्लासेस, त्यात डॉट एचटीएमएल. आधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून त्या भागाची कॉपी कुठेतरी ठेवायची, हे चुकवायचं नाही. मग उजवीकडे डिफॉल्ट नावाच्या ओळीवर डबल क्लिक करायचं, तिथे काढून टाकलेल्या ब्राउझरचं नाव असेल तर ते पुसून एचटीएमएलफाइल असा शब्द इंग्रजी लहान अक्षरात, मधे जागा न सोडता लिहायचा. डॉट एचटीएमचंही तसंच. आउटलुक पूर्ण बंद करून परत उघडायचं. त्या जागी डॉट एचटीएमएल नावाचा फोल्डरच नसेल तर घाबरू नका, सगळ्यांकडे नसतो, मग कारण हे नाही.

रजिस्ट्रीत अजून एक जागा आहे, युजर चॉइस नावाची, जिथे एचटीटीपीएस कोणाकडे आहे ते लिहिलेलं असतं. तिथे मात्र हाताने काहीही लिहू नका. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने तिथे एक हॅश ठेवलाय, म्हणजे एक प्रकारचं सील, नाव बदललं आणि सील जुळलं नाही की विंडोज ती नोंद मानतच नाही आणि आपल्या मनाने मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरला देऊन टाकतं. खाली उजवीकडे नोटिफिकेशनही येतं की एका ॲपमुळे डिफॉल्टमधे प्रॉब्लेम झाला म्हणून रिसेट केलंय. हे नोटिफिकेशन लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता ब्राउझरचं. डिफॉल्ट सगळं बरोबर आहे, तरी क्लिक केलं की काहीच होत नाही, मेसेजही नाही. अशा वेळी खिडकी दिसत नसली तरी ब्राउझर मागे अर्धमेल्या अवस्थेत पडलेला असतो. विंडोज नवीन लिंक त्यालाच देतं आणि तो ती गिळून बसतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझरचं नाव असलेलं जे जे असेल ते सगळं एंड टास्क करा, आणि मग लिंकवर क्लिक करून बघा. चाललं तर दुखणं सापडलं. क्रोममधे सेटिंग्जच्या सिस्टीम भागात क्रोम बंद केल्यावरही बॅकग्राउंड ॲप्स चालू ठेवायचं एक बटण असतं, ते बंद करून टाका. फायरफॉक्स निदान बोलतो तरी, आधीच चालू आहे पण उत्तर देत नाही असा मेसेज देतो.

आपल्याकडे याचं मोठं कारण म्हणजे लाइट. भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा ४५ च्या वर, यूपीएसची बॅटरी उन्हाने आधीच खलास झालेली, लाइट गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद. ब्राउझर त्या वेळी आपल्या प्रोफाइलमधे, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज ठेवायच्या जागेत, काहीतरी लिहीत असेल तर ती फाइल अर्धवट राहते, आणि लाइट आल्यावर क्रोम म्हणतो तुमचं प्रोफाइल नीट उघडता आलं नाही. हे सारखं होत असेल तर ब्राउझरमधे एक नवीन प्रोफाइल बनवून बघा, बुकमार्क आधी एक्सपोर्ट करून घ्या आणि पासवर्ड पण. आणि यूपीएसची बॅटरी बदला, तिचे पैसे फॉरमॅट करणाऱ्याला देण्यापेक्षा बरे. यूपीएस ची ची करत असतो आणि लोक त्याचा आवाज बंद करायचं बटण विचारतात, काय बोलायचं.

ब्राउझरच्या शॉर्टकटवर कोणी रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर कायमचं लावून ठेवलं असेल तर तेही काढा. जुन्या कुठल्यातरी सरकारी साइटसाठी, सहीचा डोंगल चालावा म्हणून, कोणीतरी लावून गेलेलं असतं. मग ब्राउझर चालतो मोठ्या अधिकारात, मेल चालतो साध्या अधिकारात, आणि दोघांचं जमत नाही.

रनच्या खिडकीतून व्यवस्थित उघडतंय आणि फक्त मेलमधून नाही, असं असेल तर मेल प्रोग्रामची सेटिंग. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या आउटलुकात २०२३ पासून एक बदल आलाय, विंडोजमधे डिफॉल्ट काहीही असू दे, आउटलुकमधली लिंक एजमधेच उघडायची आणि बाजूला तोच मेल दिसायचा. ज्यांनी एज कधी वापरला नाही, किंवा ज्यांच्याकडे एज अपडेटमधे अडकून पडलाय, त्यांना वाटतं लिंक उघडतच नाही. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे खाली लिंक हँडलिंग, नाहीतर फाइल अँड ब्राउझर प्रेफरन्सेस असं लिहिलेलं सापडेल, त्यात डिफॉल्ट ब्राउझर निवडा. नवीन आउटलुक असेल तर सेटिंग्ज, जनरल, फाइल्स अँड लिंक्स. मला विचाराल तर हा बदल करायची काहीच गरज नव्हती, माणसाने एकदा विंडोजला सांगितलंय ना कोणता ब्राउझर पाहिजे ते. जुना विंडोज मेल वापरणारे अजून कोणी असतील तर त्यांनी शोधाशोध करूच नका, तो ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलाय.

थंडरबर्ड स्वतःची वेगळी वही ठेवतो, कोणती लिंक कोणाकडे द्यायची त्याची. म्हणून विंडोजमधे बदललं तरी तो जुन्याच ब्राउझरला शोधत बसतो. सेटिंग्ज, जनरल, तिथे फाइल्स अँड अटॅचमेंट्सच्या यादीत एचटीटीपी आणि एचटीटीपीएस दिसतात का बघा, दिसले तर पुढची निवड बदला. नाही दिसले तर त्याच पानाच्या अगदी तळाला कॉन्फिग एडिटरचं बटण आहे, त्यात वॉर्न एक्सटर्नल असं शोधलं की नेटवर्क प्रोटोकॉल हँडलरने सुरू होणाऱ्या ओळी येतात, त्यातल्या शेवटी एचटीटीपी आणि एचटीटीपीएस असलेल्या दोन ओळी ट्रू करा. पुढच्या वेळी लिंकवर क्लिक केलं की तो विचारेल कशात उघडू, तिथे ब्राउझर दाखवा आणि हेच लक्षात ठेव वर टिक करा.

अँड्रॉइड मोबाइलवर एवढं डोकं लागत नाही. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, ब्राउझर ॲप, इथे काही निवडलंय का बघा. जीमेल ॲपच्या जनरल सेटिंग्जमधे वेब लिंक जीमेलमधेच उघडायचं एक बटण असतं, ते बंद करून बघा, मग लिंक बाहेर खऱ्या ब्राउझरमधे जाते. आणि जागा वाचवायला क्रोम डिसेबल केला असेल तर तो परत चालू करा, नाहीतर दुसरा ब्राउझर टाका, काहीतरी एक पाहिजेच. जीमेल उघडताच बंद पडत असेल तर प्ले स्टोअरमधे अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेब पानं दाखवणारा भाग) अपडेट करा, मार्च २०२१ मधे त्याच्याच एका खराब अपडेटने जगभर लोकांची ॲप्स पटापट बंद पडत होती.

आता मुख्य गोष्ट, परत परत का होतं. इथे ते नोटिफिकेशन आठवा, एका ॲपमुळे रिसेट केलंय वालं. ते जर अधूनमधून येत असेल तर कॉम्प्युटरमधे असं काहीतरी आहे जे विंडोजला न विचारता नोंद बदलतंय, विंडोज ती नाकारतंय, आणि या ओढाताणीत तुमची निवड उडते. पहिला संशय रजिस्ट्री साफ करणाऱ्या फुकट क्लीनरवर घ्या, कॉम्प्युटर फास्ट होईल म्हणून टाकलेला असतो, तो दर आठवड्याला आपोआप चालतो आणि बिघाडही साधारण तसाच येतो. दुसरा संशय अँटिव्हायरससोबत गुपचूप आलेल्या सेफ ब्राउझरवर, तो स्वतःला डिफॉल्ट करून घेतो. तिसरा, व्हॉट्सॲपवर फिरणारी ती रजिस्ट्रीची तयार फाइल, डबल क्लिक करा आणि सगळं ठीक होईल असं सांगतात ती, ती तर नकोच. हे काढल्याशिवाय वरचं सगळं करून उपयोग नाही, पंधरा दिवसांनी परत फोन येतो की दादा लिंक उघडत नही.

विंडोज ७ वर बसलेल्यांना मात्र सरळ सांगतो, क्रोम तिथे १०९ व्या आवृत्तीवर थांबलाय, २०२३ पासून पुढचा मिळतच नाही. लिंक उघडेल पण त्या ब्राउझरला अपडेट नाहीत, आणि बँकेचं काम त्यावर करू नका. विंडोज १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विचार असेल तर आता फॉरमॅटवर पैसे घालू नका.

अजून एक प्रकार आहे ज्याला लोक परत बिघडलं म्हणतात आणि तो बिघाड परत आलेला नसतोच. डिफॉल्ट ब्राउझर पूर्ण कॉम्प्युटरचा नसतो, ज्या त्या लॉगिनचा वेगळा असतो. कापसाचा सीझन सुरू झाला की पेढीवर नवीन माणूस येतो, त्याला नवीन लॉगिन करून देतात, आणि त्याच्या लॉगिनमधे लिंक उघडत नाही. मग मालक म्हणतो गेल्या महिन्यात तर नीट केलं होतं. नीट केलं होतं ते मालकाच्या लॉगिनमधे. दुसरं असं की दुरुस्त करणारा येतो, ॲडमिनच्या लॉगिनने बसतो, तिथे सगळं सेट करतो, तिथे लिंक उघडून दाखवतो, पैसे घेऊन जातो, आणि ऑपरेटर आपल्या लॉगिनने बसला की जैसे थे. म्हणून ज्याची लिंक उघडत नाही त्याच्याच लॉगिनमधे बसून हे सगळं करा, आणि रनच्या खिडकीची तपासणी पण तिथेच करा.